वहीतले तास
जळकोटहून पार्सलची गाडी घेऊन फजरला निघालेली आमची मुलं इशा उलटल्यावर परततात. तक्रार केली, तर उद्या गाडी दुसऱ्याच्या हाती!

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाला दिवसाला ८, आठवड्याला ४८ तास ठरवून दिले. जादा कामाला दुप्पट दर. हे त्यांना कोण सांगणार? ताकदीबाहेर काम लादू नका, ही प्रेषितांची (स.) ताकीद आमच्यातल्या मालकांनी तरी आठवावी.

१८८४ मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं; रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. म्हणून आम्ही म्हणतो, निघाल्या-परतल्याची वेळ रोज वहीत लिहा. अर्ज युनियनमार्फत द्या, सह्या सगळ्यांच्या घ्या. नकल कामगार अधिकाऱ्याकडे द्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.