थंड पाण्यातली पहिली दोन मिनिटे : वेटसूट घालून पोहणाऱ्यांसाठी

तरणतलावात रोज दोन किलोमीटर आरामात पोहणारा माणूस ट्रायथलॉनसाठी युरोपात जातो, वेटसूट घालून १६ अंशांच्या तळ्यात उतरतो आणि पन्नास मीटरही न जाता त्याला श्वास घेता येईनासा होतो. आपला सराव कमी पडला असे त्याला वाटते. काठावर उभ्या असलेल्या घरच्यांना वाटते, हृदयाचे काहीतरी असणार. बहुतेक वेळा या दोन्ही शंका चुकीच्या असतात. थंड पाण्याला शरीराने दिलेली ती ठरलेली प्रतिक्रिया असते आणि तिची सवय करून घेता येते. मात्र काही जणांच्या बाबतीत ती खरोखर धोक्याची ठरू शकते. स्पर्धेच्या फिटनेस फॉर्मवर सही घ्यायला येणाऱ्यांना मी जे सांगतो, तेच इथे जरा सविस्तर लिहितो आहे.

नेमके काय होते?

मुंबई-गोव्याच्या समुद्राचे पाणी वर्षभर साधारण २५ ते ३० अंश असते. इंग्लंडमधल्या तळ्यांत मे महिन्यात ते १२ ते १५ अंशांच्या आसपास असते. हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते, त्यामुळे १५ अंशांची हवा आणि १५ अंशांचे पाणी यांची तुलनाच होऊ शकत नाही.

त्वचा एकदम गार पडली की पहिल्याच क्षणी एक मोठा श्वास आत ओढला जातो. तो आपल्या इच्छेवर नसतो. त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट श्वासनलिकेत जाऊ शकते. पाठोपाठ धाप लागते. एरवी मिनिटभर श्वास रोखणाऱ्यालाही काही सेकंदांपलीकडे तो रोखता येत नाही. त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयाचे ठोके वाढतात. याला कोल्ड शॉक म्हणतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात तो सर्वांत तीव्र असतो आणि साधारण दोन-तीन मिनिटांत ओसरतो.

लोकांना भीती असते ती गारठून बेशुद्ध पडण्याची. पण प्रौढ माणसाच्या शरीराचे आतले तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरायला अगदी थंड पाण्यातही साधारण अर्धा तास लागतो. त्याआधी हातापायांचे स्नायू गार पडून हात मारणे जड होऊ लागते. पण सर्वांत नाजूक वेळ असते ती सुरुवातीची.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. चेहरा थंड पाण्यात बुडाला की हृदयाला ‘हळू चाल’ असा संदेश जातो, तर कोल्ड शॉक त्याला ‘जोरात चाल’ म्हणतो. दोन्ही हुकूम एकाच वेळी आले की ठोके अनियमित होऊ शकतात. निरोगी हृदय हे बहुधा पचवते, आधीच आजारी असलेल्याला ते जड जाते. अमेरिकेतल्या ट्रायथलॉन स्पर्धांमधले १९८५ ते २०१६ या काळातले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याचे प्रसंग मिळून १३५ घटना एका अभ्यासात नोंदवल्या गेल्या. त्यांतल्या ९० पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या. त्या सगळ्या थंड पाण्यामुळे झाल्या असे नव्हे, पण पोहण्याकडे गंभीरपणे पाहण्यासाठी हा आकडा पुरेसा आहे.

वेटसूट काय करतो, काय करत नाही

निओप्रीनमध्ये वायूचे बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. ते उष्णता अडवतात आणि तुम्हाला तरंगतेही ठेवतात. अंगाला चिकटून आत शिरलेला पाण्याचा पातळ थर थोड्या वेळात कोमट होतो. सूट ढिला असेल तर हे पाणी सतत बदलत राहते आणि फायदा निघून जातो. पण चेहरा, हात आणि पावले उघडीच राहतात, आणि चेनमधून पाठीवर शिरणारी पहिली गार धार चुकत नाही. म्हणजे वेटसूटने कोल्ड शॉक कमी होतो, टळत नाही.

नव्याने वेटसूट घालणाऱ्यांची सर्वांत मोठी तक्रार छाती आणि गळा आवळल्याची असते. निम्मा दोष घालण्याच्या पद्धतीचा असतो. सूट जांघेत पूर्ण वर चढवला नाही तर तो खांद्यावरून खाली ओढतो आणि छाती दाबली जाते. पायात प्लॅस्टिकची पिशवी घालून सूट चढवा, नखांऐवजी बोटांच्या पेरांनी कापड वर सरकवा आणि पंधरा-वीस मिनिटे द्या. गळा मात्र खरोखर घट्ट असेल तर साईज बदला. मानेतल्या धमनीवर दाब पडला तर चक्कर येऊ शकते. स्पर्धेच्या सकाळी भाड्याचा सूट पहिल्यांदा अंगावर चढवणे मला अजिबात पसंत नाही. आपल्या कोमट तलावात एक-दोनदा तो घालून पोहा, पण दहा-पंधरा मिनिटेच. त्यात अंग फार तापते.

सवय कशी करायची?

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठाचे माईक टिप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे की थंड पाण्यात दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा बुडक्या घेतल्या तरी कोल्ड शॉक जवळजवळ निम्मा होतो, आणि ही सवय काही अंशी कित्येक महिने टिकते. म्हणून शक्य असेल तर स्पर्धेच्या ठिकाणी पाच-सहा दिवस आधी पोहोचा आणि रोज पाण्यात उतरा. किती अंतर पोहलात याला इथे महत्त्व नाही, किती वेळा उतरलात याला आहे.

उडी मारू नका. कमरेपर्यंत चालत जा, चेहऱ्यावर आणि मानेवर पाणी घ्या, सूटचा गळा ओढून थोडे पाणी मुद्दाम आत सोडा. श्वास आत घेण्याची धडपड सोडून बाहेर सोडण्याकडे लक्ष द्या, तोंडाने फुंकर घातल्यासारखा लांब. एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले की मगच चेहरा पाण्यात घाला. एकट्याने कधीच उतरू नका.

पोहताना मध्येच घाबरायला झाले तर उताणे व्हा. सूट तुम्हाला वर ठेवेल. मिनिट-दीड मिनिट नुसते तरंगा. तरीही बरे वाटले नाही तर हात वर करून मदतीची होडी बोलवा.

आधी डॉक्टरांना कोणी भेटावे?

उच्च रक्तदाब, हृदयविकार, पूर्वी आलेली बेशुद्धी, अनियमित ठोके, घरात कमी वयात कोणाचा अचानक मृत्यू, यांपैकी काहीही असेल तर फिटनेस फॉर्मवर नुसती सही मागू नका, तपासणी मागा. चाळिशीनंतर पहिल्यांदाच अशा स्पर्धेत उतरणाऱ्यांना ईसीजी आणि गरजेनुसार इको किंवा स्ट्रेस टेस्ट करून घ्यायला मी सांगतो. रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नका. थंडीने अंगावर गांधी उठत असतील तर थंड पाण्यात उतरूच नका, पूर्ण अंगावर रिॲक्शन येऊन रक्तदाब कोसळू शकतो. दमा असेल तर पंप काठावर, माहितगाराच्या हातात असू द्या. मधुमेहींसाठी खास सूचना : साखर उतरल्याची थरथर आणि थंडीची थरथर सारखीच दिसते, तेव्हा बाहेर आल्यावर साखर तपासा.

एक आजार मात्र धडधाकट माणसांनाही होतो. पोहताना फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांमधून द्रव पाझरून फुफ्फुसात साचतो. हे बाहेरून गिळलेले पाणी नसते. थंड पाणी, घट्ट सूट, उच्च रक्तदाब आणि उतरण्याआधी भरपूर पाणी पिणे यांमुळे शक्यता वाढते. कोल्ड शॉकची धाप सुरुवातीला लागते आणि ओसरते. ही धाप मात्र पोहताना वाढत जाते, खोकला येतो, छातीत घरघर होते, कधी गुलाबी फेस पडतो. तेव्हा ताबडतोब बाहेर या, सूटची चेन उघडा, ताठ बसा आणि दवाखान्यात जा. तासाभरात बरे वाटले तरी तपासणीशिवाय पुन्हा पाण्यात उतरू नका, कारण हा त्रास उलटू शकतो.

बाहेर आल्यावर

हा भाग घरच्यांसाठी. पाण्याबाहेर आल्यावरही वीस-तीस मिनिटे शरीराचे आतले तापमान उतरत राहू शकते. माणूस हसत बाहेर येतो आणि दहा मिनिटांनी कुडकुडायला लागतो. ओले कपडे लगेच काढा, अंग कोरडे करा, आधी टोपी आणि अंगावरचे जाड कपडे, मग पायांचे. गोड गरम चहा द्या. कडक गरम पाण्याची आंघोळ लगेच नको, चक्कर येऊन पडण्याची भीती असते. कुडकुडणे पूर्ण थांबेपर्यंत त्याच्या हाती गाडी देऊ नका. बोलणे अडखळू लागले, पाऊल धड पडेना किंवा अंग गार असतानाच कुडकुडणे थांबून तो सुस्तावला तर ॲम्ब्युलन्स बोलवा. तोवर त्याला ब्लँकेटमध्ये गुंडाळून आडवे ठेवा, हातपाय चोळू नका आणि चालायलाही लावू नका.