होकार पक्का करून घेणारा माणूस

‘कौन बनेगा करोडपती’मध्ये स्पर्धक ‘बी’ म्हणाला म्हणजे त्याने उत्तर दिले, असे होत नाही. ‘बी वाटतंय, पण सीसुद्धा असू शकेल’ इथपर्यंत सगळे माफ असते. अमिताभ बच्चन ‘लॉक किया जाए?’ विचारतात, स्पर्धक हो म्हणतो आणि मग मात्र माघार नाही. हा होकार नीट घेणे हे सूत्रसंचालकाचे सर्वांत जोखमीचे काम आहे, असे मला वाटते.

समजा, 25 लाख जिंकून झालेत आणि समोर 50 लाखांचा प्रश्न आहे. खेळ सोडला तर 25 लाख घेऊन घरी जायचे. उत्तर चुकले तर थेट खालच्या सुरक्षित टप्प्याच्या रकमेवर, म्हणजे जिंकलेले बरेचसे गेले. अशा वेळी सूत्रसंचालक हातात किती आहे, चुकल्यास किती उरेल, कोणती लाइफलाइन शिल्लक आहे हे पुन्हा सांगतो. पाहणाऱ्यांना ती ताणलेली उत्कंठा वाटते. गोंधळलेल्या माणसाला मात्र तेवढ्यात हिशेब मांडता येतो. सुरुवातीच्या प्रश्नांना घड्याळ असते, पुढच्या मोठ्या प्रश्नांना नसते. तिथे घाई होऊ न देणे सूत्रसंचालकाच्याच हातात.

आणि चेहरा? बरोबर उत्तर माहीत असलेल्याची भुवई हलली तरी खेळ फुटेल. 1998 साली सुरू झालेल्या मूळ ब्रिटिश कार्यक्रमात 2018 पासून सूत्रसंचालकालाच मदत मागायची लाइफलाइन आली. ती चालते, कारण तिथले सूत्रसंचालक जेरेमी क्लार्कसन यांनाही तेव्हा उत्तर ठाऊक नसते.

मराठीत ही खुर्ची सचिन खेडेकर, स्वप्निल जोशी आणि नागराज मंजुळे यांनी सांभाळली. नियम साधारण तेच, पण समोरच्याला बोलते करायची रीत ज्याची त्याची. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे 2019 मध्ये हिंदी कार्यक्रमात एक कोटी जिंकल्या आणि सात कोटींच्या प्रश्नावर थांबल्या. असे कुणी थांबले की आधी ‘सोडायचं नक्की ना?’ हे पक्के केले जाते. त्यानंतरच सूत्रसंचालक विचारतो, खेळला असता तर कोणता पर्याय निवडला असता? तोवर जिंकलेली रक्कम सुरक्षित झालेली असते.