चारात एक म्हणजे काय?

विदर्भात किंवा नंदुरबारकडे शिकवणाऱ्या शिक्षकांना सिकलसेलचा विद्यार्थी नवा नाही. वरचेवर गैरहजर राहणारा, हातपाय दुखतात म्हणून कोपऱ्यात बसून राहणारा. ऑक्सिजन कमी पडला की त्याच्या तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा येतात. याचे मूळ हिमोग्लोबिनच्या एका जनुकातील लहानशा बदलात आहे.

हे जनुक आपल्याला जोडीने मिळते. एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्ही बदललेली असली तर आजार होतो. एकच बदललेले असले तर ती व्यक्ती वाहक. वाहकाला सहसा काही त्रास नसतो, त्यामुळे रक्त तपासल्याशिवाय पत्ता लागत नाही. दोघेही वाहक असलेल्या आईवडिलांना दवाखान्यात सांगतात, 'चारात एक मूल आजारी होण्याची शक्यता आहे.' वाक्य बरोबर आहे. पण घरी पोचेपर्यंत त्याचे होते, 'एक झाले, आता पुढची तीन चांगली होणार!'

हा गैरसमज वर्गात दोन नाण्यांनी दूर करता येतो. एक नाणे आईचे, एक वडिलांचे. छापा म्हणजे बदललेले जनुक. नाणी एकदम उडवायची. दोन्ही छापे पडले तर मूल आजारी. चार वेळा उडवले की एक कुटुंब झाले. अशी चाळीसेक कुटुंबे फळ्यावर मांडली, तर कुठे दोन मुले आजारी, कुठे एकही नाही, असे दिसेल. गणिताने पाहिले तर शंभरातील सुमारे ३२ कुटुंबांत एकही आजारी मूल येत नाही. आधी काय पडले हे नाण्यांना ठाऊक नसते. प्रत्येक गरोदरपणात शक्यता तीच.

आनुवंशिक समुपदेशक हेच निवांतपणे, पुन्हा पुन्हा समजावून सांगतात. आजारासाठी दोन्हीकडची जनुके लागतात, हेही सांगतात. (आपल्याकडे दोष बहुधा सुनेच्या माथी जातो.) गर्भाची तपासणी होऊ शकते, आणि आजारी बाळाला लवकर उपचार सुरू केले तर त्याचे हाल पुष्कळ कमी होतात, ही माहिती ते देतात, निर्णय मात्र त्या जोडप्याचा.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत तपासणीनंतर कार्ड दिले जाते. वर्गात मात्र कोणाचे कार्ड विचारू नये, असे आम्हाला वाटते. 'वाहक' या एका शब्दावरून मुलींची लग्ने मोडतात. प्रत्यक्षात जोडीदाराच्या हिमोग्लोबिनच्या जनुकांत कुठलाच दोष नसेल, तर अशा मुलीचे एकही मूल सिकलसेलने आजारी होत नाही.