सुजुक : तुर्की हिवाळ्याची बेगमी

सुजुक हे तुर्कस्तानातले आंबवून वाळवलेले सॉसेज. गोमांस, मेंढीच्या शेपटाची चरबी, ठेचलेला लसूण, जिरे, तिखट, मिरी आणि मीठ एकत्र मळायचे, धुतलेल्या आतड्यात ठासून भरायचे आणि वाऱ्यावर टांगायचे, अशी त्याची थोडक्यात कृती. इस्लामी परंपरेमुळे त्यात डुकराचे मांस नसते. युरोपातल्या अनेक सॉसेजना धुरी देतात, तशी सुजुकला सहसा देत नाहीत. भरलेले आतडे घोड्याच्या नालासारखे वाकवून त्याची दोन्ही टोके दोऱ्याने बांधतात किंवा त्याचे वेटोळे करतात. या वेटोळ्याला ‘कांगाल’ म्हणतात. तयार सुजुक गडद तांबडे आणि हाताला घट्ट लागते. कापताना आधी लसणाचा आणि जिऱ्याचा वास येतो, मांसाचा मागाहून.

मराठी घरांत उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे घालून पावसाळ्याची बेगमी होते. तुर्कस्तानातल्या अनातोलियाच्या पठारावर हीच लगबग उन्हाळ्याच्या शेवटापासून सुरू होते, कारण पुढे बर्फाचा हिवाळा असतो. टोमॅटोचा आणि लाल मिरच्यांचा गर उन्हात आटवून ‘साल्चा’ करतात. दही आणि गव्हाचे पीठ आंबवून, वाळवून, चुरून ‘तारहाना’ होते. थंडीत त्याचे सूप करायचे. पोखरलेली वांगी दोऱ्यात ओवून वाळत घालतात आणि बरण्या ‘तुर्शू’ म्हणजे लोणच्यांनी भरतात. मांसाची बेगमी म्हणजे सुजुक आणि पास्तिर्मा, म्हणजे खारवून वाळवलेले मांस. ऑक्टोबरच्या अखेरीस आणि नोव्हेंबरात थंडी थोडी मागे सरते आणि काही कोरडे, उबदार दिवस मिळतात. त्या दिवसांना तुर्की भाषेत ‘पास्तिर्मा याझी’, म्हणजे पास्तिर्म्याचा उन्हाळा, असेच नाव आहे. तुर्की जेवण म्हटले की आपल्याकडे कबाब आठवतो. पण त्या जेवणाला जी खोल, आंबूस, मुरलेली चव असते ती या साठवणीतून आलेली आहे.

मांस टिकवण्याची ही विद्या जुनी आहे. 11व्या शतकात महमूद काशगरी याने तुर्की भाषेचा कोश रचला, त्यात आतड्यात मांस आणि मसाला भरून केलेल्या पदार्थांची नोंद सापडते. 17व्या शतकातला प्रवासी एव्लिया चेलेबी याने कायसेरी शहराच्या सुजुकची आणि पास्तिर्म्याची वाखाणणी केली. लाल तिखट मात्र या मसाल्यात उशिरा आले. मिरची अमेरिका खंडातली. कोलंबसाच्या सफरींनंतरच ती ऑटोमन मुलखात पोचली, तशीच ती पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरली.

घरगुती पद्धतीत मांसाचे तुकडे करून त्यांना मीठ आणि मसाला चोळतात आणि मुरू देतात. मीठ 1 किलो मांसाला साधारण 20 ग्रॅम. मग चरबीसह ते दळले जाते. दळलेल्या मांसाला तुर्कीत ‘कीयमा’ म्हणतात. मराठीतला खिमा हा त्याच शब्दाचा फारसीमार्गे आलेला भाऊ. हे मिश्रण कणकेसारखे मळून थंड जागी ठेवतात आणि मग भरतात. भरताना आत हवा राहिली तर तिथे मांस खराब होते, म्हणून फुगवटा दिसला की सुई टोचून हवा काढतात.

पुढचे काम जिवाणूंचे. मिठामुळे मांस कुजवणारे जिवाणू दबतात आणि दह्यात असतात त्या जातकुळीतले लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू वाढू लागतात. मांसातली किंवा वरून घातलेली थोडी साखर खाऊन ते आम्ल तयार करतात. या आंबटपणामुळे मांसातली प्रथिने एकमेकांना धरून घट्ट होतात, म्हणून सुजुकची चकती सुरीखाली चुरत नाही. दुसऱ्या गटातले जिवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात आणि त्यातून तांबडा रंग पक्का होतो. त्याच वेळी पाणी उडत असते, आणि इथे घाई चालत नाही. वारा फार कोरडा असेल तर बाहेरचा थर आधी कडक होतो, आतला ओलावा कोंडतो आणि सुजुक आतून बिघडते. म्हणून पहिले काही दिवस हवा दमट लागते, नंतर हळूहळू कोरडी. गोव्याच्या चोरिसांशी तुलना केली तर फरक चटकन कळतो: तिथे डुकराच्या मांसाला आंबटपणा मुख्यतः व्हिनेगरमधून मिळतो, सुजुकला तो काळ देतो.

आजच्या बाजारातले बरेचसे सुजुक इतकी वाट पाहत नाही. कारखान्यात ते थोडे आंबवून उष्णतेने शिजवतात आणि लवकर विक्रीला पाठवतात. तुर्की अन्नकायद्यात हे दोन प्रकार वेगळे मानले आहेत आणि उष्णता दिलेल्या मालावर तसे छापावे लागते. जाणकार गिऱ्हाईक ती ओळ वाचूनच घेते, आणि ते योग्यच आहे: शिजवलेल्या सुजुकमध्ये मसाला असतो, पण मुरलेली आंबट धार नसते.

सुजुकसाठी दोन शहरांची नावे घेतली जातात. पहिले पश्चिम अनातोलियातले आफ्योनकाराहिसार. नावाचा अर्थ अफूचा काळा किल्ला; ‘आफ्योन’ आणि आपली ‘अफू’ एकाच मुळातल्या. इस्तंबूल आणि अंकाराकडून इझ्मिर, अंताल्याकडे जाणारे रस्ते इथे मिळतात, त्यामुळे प्रवासी थांबतात, पावात सुजुक घालून खातात आणि वेटोळी बांधून नेतात. म्हशीच्या दुधाची दाट साय, ‘कायमाक’, ही इथली दुसरी ख्याती. 2019 मध्ये युनेस्कोने या शहराला खाद्यसंस्कृतीसाठी सर्जनशील शहरांच्या जाळ्यात घेतले. दुसरे शहर कायसेरी, 3,900 मीटरहून उंच अशा एर्जियेस पर्वताच्या पायथ्याशी. तिथला खरा मान पास्तिर्म्याला: मांसाचा अख्खा तुकडा खारवून, दाबून, वाळवून त्यावर मेथी, लसूण आणि तिखटाचा ‘चेमेन’ नावाचा जाड लेप देतात.

सुजुक सहसा कच्चे खात नाहीत. ते खरे शोभते सकाळी. न्याहारीला तुर्कीत ‘काहवाल्ती’ म्हणतात, म्हणजे कॉफीच्या आधीचे खाणे. आता मात्र तिच्याबरोबर चहाच असतो, निमुळत्या कमरेच्या काचेच्या छोट्या पेल्यातला. चीज, ऑलिव्ह, काकडी, टोमॅटो, मध आणि कायमाक, तीळ लावलेली ‘सिमित’ नावाची पावाची गोल कडी, असे लहान लहान बशांनी टेबल भरते. मध्यभागी येते ती दोन कानांची उथळ तांब्याची ‘साहान’. सुजुकचे साल काढून तिरक्या चकत्या कापतात आणि तेल न घालता त्या कोरड्या साहानात टाकतात. अर्ध्या मिनिटात चरबी सुटते आणि तळ नारिंगी होतो. चकत्यांच्या कडा वर वळल्या की उलटायच्या. जास्त वेळ ठेवल्या तर चामड होतात. त्यावर अंडी फोडायची, पांढरे धरू द्यायचे, पिवळे मऊ ठेवायचे. साहान तशीच टेबलावर येते आणि सगळे एकाच भांड्यात पावाचा तुकडा बुडवून खातात. नारिंगी चरबी आणि पिवळा बलक पावात शिरतो, तो घास या न्याहारीतला सर्वांत उत्तम.

दुपारी तेच सुजुक पांढऱ्या घेवड्याच्या उसळीत, ‘कुरू फासुल्ये’त, पडते, ‘पिदे’ नावाच्या चपट्या पावावर आणि चीजबरोबर भाजलेल्या टोस्टमध्येही जाते. सहलीला निघालेली कुटुंबे ते निखाऱ्यावर भाजतात आणि फुटबॉलच्या मैदानाबाहेर गाडीवर पावात मिळते. सुजुक भाषेतही शिरले आहे: चिंब भिजलेल्या माणसाला तुर्कीत ‘सुजुकसारखा झाला’ म्हणतात.

ऑटोमन काळातल्या देवाणघेवाणीमुळे बाल्कन देशांत, आर्मेनियात, लेबनॉनमध्ये याच नावाची सॉसेज आहेत. बैरूतमधली सुजुकची सँडविचे तिथे स्थायिक झालेल्या आर्मेनियन लोकांमुळे प्रसिद्ध झाली. मध्य आशियातले कझाक ते घोड्याच्या मांसाचे करतात. आणि तुर्कस्तानातच एक गोड सुजुकही आहे, ज्यात मांस अजिबात नाही: अक्रोड दोऱ्यात ओवून, आटवलेल्या दाट द्राक्षरसात पुन्हा पुन्हा बुडवून, काठीला टांगून वाळवतात. आकार तसाच लांबुडका, म्हणून नावही तेच.