व्हॅक्यूम पंपाला पाइप जोडताना काय काळजी घ्यायची?

औषधं, प्लास्टिक, अन्नाचं पॅकिंग अशा कितीतरी कारखान्यांत व्हॅक्यूम पंप लागतो. त्याला इनलेट पाइप जोडणं साधं फिटिंगचं काम वाटतं. मग यात धोका कुठे आहे?

पंप पाइपमधली हवा काढतो, तेव्हा बाहेरची हवा पाइपला सगळीकडून दाबते. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो असतो. म्हणजे 10 सेंटिमीटर व्यासाच्या उघड्या तोंडावर जवळपास 80 किलोंचा भार! तिथे हात अडकला तर गंभीर इजा होऊ शकते. म्हणून आधी वीज बंद करून स्विचला कुलूप लावायचं. लाइनमध्ये हवा सोडायची आणि मगच नट सैल करायचे.

पाइप जोडताना काय पाहायचं?

• साधा मऊ होज आत चेपतो. तारेची गुंडाळी असलेला व्हॅक्यूम होज किंवा धातूचा पाइप वापरा.
• पाइपचा व्यास पंपाच्या तोंडापेक्षा लहान नको. नाहीतर पंपाची ताकद वाया जाते.
• वेल्डिंगचे कण, धातूचा कीस साफ करा. पंपाआधी फिल्टर लावा.
• पाइपचं वजन पंपावर येऊ देऊ नका, वेगळा आधार द्या.
• ऑइल पंप असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे का बघा. तो नसेल, तर पंप थांबल्यावर तेल उलटं लाइनमध्ये ओढलं जाऊ शकतं.

लाइनमधून ज्वलनशील वायू येणार असेल तर? साधा पंप चालणार नाही. त्यासाठीच बनवलेला पंप हवा. इथे अंदाज नको, उत्पादकाला विचारा.