तोंड वाकडं झालं तर

गेल्या हिवाळ्यात चूळ भरताना पाणी माझ्या ओठांतून गळलं, डावा डोळा मिटेना. आपल्याकडे म्हणतात, वारं लागलं. डॉक्टरांनी आधी कपाळाला आठ्या घालायला सांगितलं. डावीकडे आठी पडेना, म्हणजे बहुधा चेहऱ्याची नसच सुजलेली: बेल्स पाल्सी. स्टेरॉइडच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू केलेल्या बऱ्या. मेंदूच्या झटक्यात कपाळ सहसा हलतं. हात लुळा पडतो, जीभ जड होते. पण घरी परीक्षा घेत बसू नका, लगेच 101 फिरवा.

झटका न ओळखता कुणी घरी पाठवलं नि नुकसान झालं, तर वकील गाठावा. इस्रायलच्या 1996च्या रुग्णहक्क कायद्यानं आपल्या कागदपत्रांची प्रत मिळते. ती आधी मागून घ्या. दाव्याची मुदत साधारणपणे 7 वर्षं. नुसती बेल्स पाल्सी झाली म्हणून मात्र दावा होत नाही.