हँडल गाडीचे, दुखणे मनगटाचे

डोंबिवलीचे एक निवृत्त गृहस्थ वाहन परवान्याच्या नूतनीकरणासाठी ‘नमुना १-अ’ घेऊन माझ्याकडे आले. वय ६६. चाळिशी ओलांडलेल्या अर्जदाराला हे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. नजर ठीक होती, रक्तदाब आटोक्यात होता. मी सहीसाठी पेन उचलले, तोच सोबत आलेल्या सूनबाई हळूच म्हणाल्या, “डॉक्टर, बाबांच्या हातून हल्ली चहाचा कप निसटतो.”

ज्या हातात कप ठरत नाही, तो ऐनवेळी ब्रेक कसा दाबणार? मी पेन खाली ठेवले.

हेच गृहस्थ पूर्वी दोनदा मानदुखीसाठी आले होते. मी गोळ्या दिल्या, व्यायाम सांगितले. पण आपण कोणती गाडी चालवता, हे विचारले नव्हते. ती माझी चूक. मुलाने नोकरीनिमित्त पुण्याला जाताना आपली मोटारसायकल वडिलांकडे ठेवली होती. तिचे हँडल खाली व पुढे झुकलेले. त्याच गाडीवरून ते पत्नीला आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीसाठी ठाकुर्लीमार्गे, पत्रीपुलावरून कल्याणला नेत असत.

हाताला मुंग्या का येतात?

हँडल फार पुढे वा खाली असले की धडाचा भार तळहातांवर येतो आणि रस्ता पाहण्यासाठी मान मागे ताणावी लागते. मनगट वाकून राहिले की त्यातील अरुंद बोगद्यातून जाणाऱ्या नसेवर दाब येतो. अंगठा, तर्जनी व मधल्या बोटाला मुंग्या येतात, विशेषतः रात्री. तळहाताच्या करंगळीकडील कडेवर भार आला, तर करंगळी व अनामिका बधिर होतात. खड्डे आणि इंजिनाची थरथर त्यात भर घालतात. मधुमेह किंवा थायरॉइडची कमतरता असणाऱ्यांच्या नसा हा दाब कमी सोसतात.

घरच्या घरी तपासणी

गाडी मधल्या स्टँडवर, सपाट जागी, इंजिन बंद ठेवून उभी करा. ज्येष्ठांनी सीटवर बसावे आणि घरातील कोणी बाजूने पाहावे. डोळे मिटून, खांदे सैल सोडून हात सहज पुढे न्यावेत. हात जिथे पोहोचतील, त्याच्या आसपास हँडल असावे. मग तीन गोष्टी पाहा :

• कोपर किंचित वाकलेले आहे का? हात ताठ असतील तर हँडल दूर आहे.
• बोटे ब्रेकवर ठेवल्यावर मनगट बाहूच्या सरळ रेषेत राहते का?
• क्षणभर तळहात उचलले तर धड पुढे कलंडते का? तसे झाल्यास भार पाठीऐवजी हातांवर आहे.

उंच हँडल नेहमीच आरामदायक, हा समज मात्र चुकीचा आहे. मुठी खांद्यापर्यंत उंच गेल्या तर खांदे भरून येतात, हात बधिर होतात आणि घोडबंदर रस्त्यासारख्या वेगाच्या मार्गावर छातीवर वारा झेलावा लागतो.

बदल कोणत्या क्रमाने करावा?

आधी स्वस्त उपाय. मेकॅनिककडून ब्रेक व क्लचच्या दांड्यांचा कोन बदलून घ्या, क्लचची केबल हलकी करून घ्या, झिजलेल्या ग्रिप बदला, टायरमधील हवा योग्य ठेवा. पुष्कळदा एवढ्याने भागते. नळीचे एकसंध हँडल असल्यास ते पकडीत थोडे मागे फिरवता येते. त्यानंतरच उंची वाढवणारे ठोकळे किंवा वेगळ्या आकाराचे हँडल. स्कूटरवर असे बदल फारसे शक्य नसतात. तिथे खरेदीपूर्वीच बसून पाहावे आणि हँडल पूर्ण वळवल्यावर ते गुडघ्याला लागत नाही ना, याची खात्री करावी.

हँडल बदलल्यावर ते डावीकडे व उजवीकडे पूर्ण वळवून पाहा. केबल किंवा ब्रेकची नळी ताणली जाता कामा नये, आणि चालू इंजिनाचा वेग आपोआप वाढता कामा नये. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार चालत नाहीत. म्हणून अधिकृत सेवा केंद्रात विचारूनच पुढे जा.

गाडीला दोष देऊ नये, अशी लक्षणे

बधिरपणा दिवसभर टिकणे, अंगठ्याच्या मुळाचा मांसल भाग खपाटीला जाणे, शर्टाची बटणे लावता न येणे, चालताना तोल जाणे : या लक्षणांसाठी गाडी थांबवून डॉक्टरांना गाठा. एका बाजूला अचानक दुर्बलता, तोंड वाकडे होणे किंवा छातीतून हातात उतरणारी कळ असल्यास १०८ क्रमांकावर त्वरित फोन करा. तिथे हँडलचा विचारच करू नये.

आमच्या गृहस्थांच्या तपासणीत मनगटातील नस दबल्याचे निघाले. रक्तातील साखरही वाढलेली होती. रात्री मनगटाला पट्टा, साखरेवर उपचार, हँडलमध्ये बदल आणि तोवर गाडी बंद, असे ठरले. दोन महिन्यांनी पकड सुधारली, तेव्हाच मी सही केली. एक अट मात्र घातली. ब्रेक दाबताच मागे बसलेल्या व्यक्तीचा भारही चालवणाऱ्याच्या मनगटांवर येतो. म्हणून काकूंना फिजिओथेरपीला रिक्षानेच न्यायचे. त्यांना ती अट प्रथम रुचली नाही. काकूंना मात्र लगेच पटली.

आपल्या घरातील ज्येष्ठ गाडीवरून उतरल्यावर हात झटकत असतील, तर ते पाहून सोडून देऊ नका. कोणती बोटे बधिर होतात, एवढे विचारा आणि डॉक्टरांकडे जाताना ते कोणती गाडी चालवतात, हेही आवर्जून सांगा.